जामीन कोण राहणार?

(डब्लिनमधल्या सँडीफोर्ड येथे मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचं लिखित रूप)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथे जमतो, त्यांच्या नावावर एकही पुस्तक नाही. भाषण करायला सांगितलं की ते मागच्या रांगेत जाऊन बसायचे. त्यांचं सगळं काम फोनवर चालायचं. पुण्याहून, नाशिकहून, नागपूरहून एखादा मुलगा नोकरीसाठी डब्लिनला उतरायचा. नोकरीचं पत्र हातात, पगार चांगला, पण घर मिळत नाही. घरमालक म्हणतो, आधीच्या घरमालकाचं शिफारसपत्र आणा. आता याचा आधीचा घरमालक म्हणजे कोथरूडला राहणारे याचे वडील! ते काय पत्र देणार? मग कुणीतरी त्याला यांचा नंबर द्यायचं. हे त्या मुलाला एकदा घरी बोलवायचे, चहा पाजायचे आणि घरमालकाला फोन लावायचे. बोलणं अगदी थोडं असायचं. या मुलाला मी ओळखतो, भाडं थकलं तर मला कळवा. संपलं. या सभागृहात बसलेल्या किती जणांच्या पहिल्या घराची किल्ली त्या फोनमुळे मिळाली, ते तुमचं तुम्हीच मोजा.

या गोष्टीला आपल्या भाषेत साधा शब्द आहे, जामीन राहणं. आजचं माझं बोलणं या एका शब्दाभोवतीच फिरणार आहे. प्रश्न असा: तुरुंगातून शिक्षा भोगून बाहेर आलेला माणूस नोकरी मागायला येतो, तेव्हा त्याला जामीन कोण राहणार?

मी जन्मभर नोकरभरतीच्या टेबलाच्या अलीकडच्या बाजूला बसलो. आधी चिंचवडला, मग इथे. त्यामुळे सुरुवात माझ्याच एका निर्णयापासून करतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी एका कारखान्यात पर्सोनेलचं काम बघत होतो. यंत्रं बाहेरगावी पाठवायला लाकडी खोकी लागायची, त्यासाठी सुतार हवा होता. एक जण आला. हात चांगला होता, समोर बसून पाऊण तासात त्याने खोक्याचा कोपरा असा जुळवला की फोरमन बघत राहिला. कुठे शिकलास, असं मी विचारलं. येरवड्याला, असं त्याने सरळ सांगितलं. चोरीच्या मालाचं प्रकरण होतं, शिक्षा पूर्ण झाली होती. त्याने लपवलं असतं तर मला कळलंही नसतं.

मी मालकांकडे गेलो. मालक वाईट माणूस नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, माणूस बरा दिसतो, पण उद्या स्टोअरमधून तांब्याची तार गेली तर भागीदाराला मी काय तोंड दाखवू? याला जामीन कोण? मी काही बोललो नाही. त्या सुताराला सांगितलं, प्रतीक्षा यादीत नाव घेतलंय, कळवू. आमच्याकडे प्रतीक्षा यादी नावाची वस्तूच नव्हती.

पुढे कितीतरी वर्षं मी त्या मालकाला मनातल्या मनात दोष देत राहिलो. मग लक्षात आलं की त्याचा प्रश्न बरोबर होता. चूक होती ती त्या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नसण्याची.

* * *

आपल्या इतिहासातलं एक प्रसिद्ध उत्तर आधी आठवू या. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात दिवाण माधवराव बर्वे यांच्या बदनामीबद्दल टिळक आणि आगरकर यांच्यावर खटला झाला. जामिनासाठी दहा हजार रुपये हवे होते, आणि त्या काळात ही रक्कम म्हणजे संपत्ती. तो जामीन दिला रामशेट बापूशेट उरवणे यांनी, आणि त्यांना पुढे केलं ते जोतीराव फुल्यांनी. फुले आणि टिळक यांच्या विचारांत किती अंतर होतं हे मी तुम्हाला सांगायला नको. तरीही जामीन मिळाला. दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली, डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढून २६ ऑक्टोबरला ते सुटले, आणि बाहेर लोक स्वागताला उभे होते.

गोष्ट इथे थांबत नाही. दहा वर्षांनी, १८९२ साली, वामन शिवराम आपट्यांच्या निधनानंतर हेच आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. जरा कल्पना करा. आजच्या नमुन्यातला अर्ज त्यांच्यापुढे ठेवला असता तर? ‘आपणांस कोणत्याही न्यायालयाने शिक्षा ठोठावली आहे काय? असल्यास तपशील द्यावा.’ आगरकर खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी ‘होय’ लिहिलं असतं, आणि एखाद्या कारकुनाने तो कागद बाजूच्या ट्रेमध्ये सरकवला असता.

तुम्ही लगेच म्हणाल, आगरकरांची गोष्ट वेगळी. अगदी मान्य. त्यांची शिक्षा अशी होती की तिने पुण्यात मान वाढला. पाकीट मारणाऱ्याच्या वाट्याला रामशेट उरवणे येत नाहीत आणि तुरुंगाच्या दारात हारही येत नाहीत. म्हणूनच प्रश्न उरतो. ज्याच्यामागे चळवळ नाही, जात नाही, पैसा नाही, त्याच्यासाठी कोण उभं राहणार? व्यक्ती उभ्या राहणार नसतील तर मग कुणीतरी मोठं उभं राहिलं पाहिजे.

* * *

अमेरिकेत १९६६ साली हा प्रश्न सरकारने अंगावर घेतला. तिथल्या मजूर खात्याने एक योजना काढली. तिला मी आपल्या सोयीसाठी ‘हमी-रोखा’ म्हणेन. शिक्षा झालेल्या माणसाला मालकाने कामावर ठेवलं, तर पहिल्या दिवसापासून सहा महिने सरकार त्या माणसाच्या प्रामाणिकपणाचा विमा उतरवतं. माणसाने चोरी केली, खोट्या सह्या केल्या, पैशांची अफरातफर केली, तर मालकाचं नुकसान भरून मिळतं. रोखा साधारण पाच हजार डॉलरचा, गरजेप्रमाणे पंचवीस हजारांपर्यंत. मालकाला खर्च नाही, कामगारालाही नाही, आणि नुकसानीतला पहिला हिस्सा मालकाने सोसायचा अशी अटही नाही. कामात कुचराई झाली, यंत्र बिघडलं, अपघात झाला, तर मात्र रोखा लागू होत नाही. तो फक्त अप्रामाणिकपणापुरता आहे. सहा महिने नीट गेले की पुढचा विमा मालकाने हवा तर बाजारभावाने स्वतः घ्यायचा.

सरकारला यात का पडावं लागलं? त्याचं कारण मजेशीर आहे. नोकरांच्या अफरातफरीचा विमा ही काही नवी गोष्ट नाही. आपल्याकडे त्याला फिडेलिटी गॅरंटी म्हणतात. पतसंस्थेच्या रोखपालासाठी तो घेतात, ग्रामीण डाकसेवकालाही हमी द्यावी लागते. त्यात कुणाचा अपमान होतो असं आपण समजत नाही. पण खासगी विमा कंपन्यांच्या अटींत एक कलम असायचं: ज्याच्या पूर्वीच्या अप्रामाणिकपणाची मालकाला कल्पना आहे, त्याला हे संरक्षण नाही. म्हणजे माणूस खरं बोलला की विमा गेला, आणि खोटं बोलला तर विमा राहिला. माझ्या त्या सुताराची हीच तर कथा! बाजार जिथे हात वर करतो, तिथे सरकारने तेवढी सहा महिन्यांची फट बुजवली.

आता मुख्य आकडा ऐका. पन्नासहून अधिक वर्षांच्या अनुभवात या रोख्यांवर भरपाई द्यावी लागल्याचं प्रमाण शेकडा एकच्या आसपास राहिलं. शंभर मालक घाबरले होते, त्यांतल्या एखाद्याचीच भीती खरी ठरली. विम्याच्या धंद्यातल्या माणसाला विचारा, असा ग्राहक त्याला रोज सकाळी हवा असेल.

पण भरतीच्या टेबलावर बसलेला माणूस म्हणून मी या आकड्याला लगेच टाळी वाजवणार नाही. ज्यांना रोखा मिळाला ते आधीच निवडलेले लोक होते: एखाद्या अधिकाऱ्याने पुढे पाठवलेले, मालकाने पसंत केलेले. शिवाय अमेरिकेच्या तुरुंगांतून कितीतरी वर्षं दर वर्षी सहा लाखांच्या घरात माणसं सुटत होती, आणि अर्ध्या शतकात रोखे दिले गेले ते सारे मिळून पन्नास हजारांच्या आसपास. हा समुद्रातला तांब्या झाला. बहुतेक मालकांना ही योजना आहे हेच माहीत नसतं. कागद कपाटात असला आणि तो घेऊन दारोदार जाणारं कुणी नसलं, की असं होतं.

मग उपयोग काय? उपयोग मालकाच्या त्या वाक्यात आहे. तांब्याच्या तारेची किंमत त्याला परवडण्यासारखी होती. न परवडणारी गोष्ट वेगळीच होती. माहीत असून घेतलंत कसं, हा भागीदाराचा प्रश्न. रोखा तारेचे पैसे देतो, पण त्याहून मोठी गोष्ट देतो, मालकाला सांगायला कारण. सरकार मागे आहे, म्हणून घेतलं. भल्या माणसालासुद्धा भलेपणा करायला कधी कधी एक निमित्त लागतं.

* * *

दुसरा एक मार्ग लोकांनी सुचवला, तो म्हणजे न विचारण्याचा. अर्जातला ‘शिक्षा झाली आहे काय’ हा रकानाच काढून टाका. हवाई राज्याने १९९८ साली तसा कायदा केला आणि नंतर ती चळवळ अमेरिकाभर पसरली. हेतू उत्तम. पण अमांडा अगन आणि सोन्या स्टार या दोन संशोधकांनी न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क शहरात सुमारे पंधरा हजार काल्पनिक अर्ज पाठवून पाहिले. २०१८ साली निष्कर्ष छापून आला. रकाना होता तेव्हा गोऱ्या वाटणाऱ्या नावांना काळ्या वाटणाऱ्या नावांपेक्षा सात टक्के जास्त बोलावणी येत होती. रकाना गेला आणि ही तफावत त्रेचाळीस टक्क्यांवर गेली. म्हणजे मालकांनी विचारायचं थांबवलं, आणि नाव बघून तर्क करायला सुरुवात केली.

त्याआधी, २००३ साली, देवा पेजर यांनी मिल्वॉकी शहरातला अभ्यास प्रसिद्ध केला होता. सारख्याच पात्रतेचे तरुण ३५० मालकांकडे पाठवले. तुरुंगाची नोंद नसलेल्या गोऱ्याला शंभरात चौतीस जणांनी परत बोलावलं, नोंद असलेल्या गोऱ्याला सतरा जणांनी. नोंद नसलेल्या काळ्याला चौदा जणांनी, नोंद असलेल्या काळ्याला पाच जणांनी. पुन्हा एकदा ऐका: तुरुंगात जाऊन आलेला गोरा, कधीही न गेलेल्या काळ्यापेक्षा पुढे.

आपल्याला हे नवं वाटायला नको. १८७१च्या कायद्याने इंग्रजांनी जमातींच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली त्या ‘विमुक्त’ झाल्या, पण चौकीवरच्या वहीतून आणि लोकांच्या मनातून नाव खोडलं गेलं नाही. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलं असेल. १९८८ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लातूरच्या सूतगिरणीत काम करणारा हा तरुण कुठल्या शिक्क्यासकट हजेरीला उभा राहत होता, ते त्या पुस्तकाच्या नावातच आहे. तिथे रकाना काढून उपयोग नाही. आडनावच रकाना आहे. म्हणून मला वाटतं, नुसता पडदा टाकून भागत नाही. पडद्यामागे काय असेल याची कल्पना मालक स्वतःच्या पूर्वग्रहातून रंगवतो. समोर माणूस ठेवा आणि शेजारी हमी ठेवा.

* * *

आता आपण जिथे बसलो आहोत तिथे येऊ. सँडीफोर्डच्या थांब्यावर आपण रोज हिरव्या लुआस ट्रामची वाट बघतो. काचेच्या इमारतींतून बाहेर पडून डबा आणि लॅपटॉप सांभाळत चढतो. शहराच्या दिशेने बसलात आणि सेंट स्टीफन्स ग्रीनला न उतरता तसेच पुढे गेलात, तर तीच गाडी फिब्सबरोला थांबते. तिथून थोडं चाललं की माउंटजॉय तुरुंगाची भिंत दिसते. नोकरी देणारे आणि नोकरी न मिळणारे एकाच मार्गावर राहतात. फक्त थांबे वेगळे.

माउंटजॉय १८५० साली उघडला. त्या सुमारास इंग्रज सरकारपुढे अडचण आली होती. गुन्हेगारांना जहाजात भरून टास्मानियाला पाठवण्याची सोय १८५३ साली बंद झाली. आता सुटलेला माणूस समुद्रापार जाणार नव्हता, याच गल्लीत परत येणार होता. १८५४ साली वॉल्टर क्रॉफ्टन आयर्लंडच्या तुरुंगांचे प्रमुख झाले आणि त्यांनी जी पद्धत बसवली ती जगभर ‘आयरिश पद्धत’ म्हणून गाजली. आधी माउंटजॉयमध्ये एकांतवास. मग कॉर्कजवळच्या स्पाइक बेटावर मेहनत, आणि वर्तनाप्रमाणे गुण. नंतरचा टप्पा मात्र नवा होता: सुटकेच्या आधीचा मधला तुरुंग. कारागिरांसाठी डब्लिनमध्ये स्मिथफील्ड, शेतीकामासाठी उत्तरेला लस्कचं माळरान. लस्कला भिंती नव्हत्या. लोखंडी पत्र्याच्या झोपड्या होत्या आणि मोजके, नि:शस्त्र रखवालदार.

हा मधला तुरुंग कैद्याला सुधारण्यासाठी होता, तितकाच बाहेरच्या लोकांना पटवण्यासाठी होता. पळून जाणं सोपं असताना जो पळाला नाही, त्याच्यावर मालकाने विश्वास ठेवायला हरकत काय? कुलपाआड चांगलं वागल्याचा दाखला कुणाला पटत नाही. उघड्या दाराशी चांगलं वागल्याचा पटतो.

आणि या पद्धतीचे पाय म्हणजे जेम्स ऑर्गन नावाचा एक मास्तर. स्मिथफील्डच्या कैद्यांना व्याख्यानं देणं हे त्याचं काम. माझ्यासारखाच, म्हणा ना. पण तो व्याख्यान संपवून घरी जायचा नाही. डब्लिनमधल्या आणि आसपासच्या मालकांच्या दारात जाऊन उभा राहायचा, माझ्याकडे माणूस आहे, घेता का, असं विचारायचा. बऱ्याच ठिकाणी नकार मिळायचा. काम मिळालेल्या माणसाला तो पुढेही भेटत राहायचा, मालकालाही भेटायचा. ज्यांनी एकदा माणूस ठेवला, त्यांच्यातले काही पुढे आपणहून दुसरा मागायला आले. इंग्लंडमधल्या टीकाकारांनी म्हटलं, तुमचं यश कसलं, सुटलेले कितीतरी देश सोडून जातात. त्या टीकेत तथ्य होतं. तरी ऑर्गनच्या पायपिटीने एक गोष्ट सिद्ध झाली. हमी कागदावर असते, पण ती मालकाच्या दारापर्यंत पायांनी न्यावी लागते. अमेरिकेच्या रोख्यात जे कमी पडलं, ते शंभर वर्षं आधी या शहरात एक मास्तर करत होता.

क्रॉफ्टनच्या या पद्धतीवर १८७२ साली मेरी कार्पेंटर यांनी पुस्तक लिहिलं. याच बाई १८६६ साली भारतात येऊन गेल्या होत्या. लस्कची शेती आणि आपली माती यांच्यात सरळ दुवा होता असा माझा दावा नाही, पण आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर आठवल्याशिवाय राहवत नाही. औंध संस्थानात बाळासाहेब पंतप्रतिनिधी, त्यांचे पुत्र अप्पासाहेब आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रेरणेने १९३९ साली कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. कैदी शेती करतात, कुटुंबासह राहतात. आटपाडीच्याच परिसरातल्या गदिमांनी या विषयावर लिहिलेला आणि शांतारामबापूंनी १९५७ साली काढलेला ‘दो आँखें बारह हाथ’ बर्लिनपर्यंत गेला. चित्रपटातला जेलर सहा खुन्यांना जामीन राहतो, याहून वेगळं तो काय करतो?

* * *

पण सरकारच्या हमीची एक काळी बाजू आपल्याच सोलापूरने पाहिली आहे. ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात वसवलं, हजेरी लावली, आणि त्यांचे हात सोलापूरच्या गिरण्यांना पुरवले. गिरणीमालकाला आणखी काय हवं? माणूस पळणार नाही, कारण तार आहे. चोरी करणार नाही, कारण पहारा आहे. ही पण एका अर्थी सरकारी हमीच होती. फरक मुदतीचा आहे. एक हमी सहा महिन्यांनी संपते आणि माणूस इतरांसारखा होतो. दुसरी हमी बापाकडून मुलाकडे जाते. तेव्हा कुणी हमीची योजना आणली तर आपण आधी एवढंच विचारायचं: ही संपणार कधी?

कायद्याचंही थोडं बोलू. आयर्लंडने २०१६ साली जुन्या शिक्षा मागे टाकण्याचा कायदा केला. बारा महिन्यांपर्यंतची एखादी शिक्षा असेल, तर सात वर्षांनी ती सांगण्याचं बंधन बहुतेक ठिकाणी राहत नाही. लैंगिक गुन्हे त्यात येत नाहीत, आणि किरकोळ वाहतुकीचे किंवा तसे गुन्हे सोडले तर ही सवलत एकाच शिक्षेला मिळते. भारतात प्रौढांसाठी असा सर्वसाधारण कायदा नाही. १९५८च्या परिवीक्षा कायद्याचं बारावं कलम आहे, परिवीक्षेवर सोडलेल्याला शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागू नये म्हणून. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली पोलिसांच्या भरतीतल्या एका तरुणाच्या बाजूने निकाल दिला. जुनी मारामारीची केस त्याने आधी सांगितली नव्हती. त्या निकालात ‘ले मिझराब्ल’मधल्या जाँ वालजाँची आठवण काढलेली आहे. म्हणजे न्यायमूर्तींनाही पावाच्या चोरीपर्यंत जावं लागलं!

मग सरकारने जामीन राहावं हे माझं म्हणणं स्वप्नाळू आहे का? पाहा. १ मे २०२२ रोजी येरवड्यात महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना सुरू केली. कैद्याला पन्नास हजारांपर्यंत कर्ज, सात टक्के व्याज, परतफेड त्याच्या तुरुंगातल्या मजुरीतून. तारण नाही आणि जामीनदारही नाही. २०२३ साली केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. जामिनाची रक्कम भरता येत नाही म्हणून आत राहिलेल्या कच्च्या कैद्यासाठी सरकार पैसे भरतं; मूळ योजनेत ही मर्यादा चाळीस हजारांची होती. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९०पासून मुंबईत सुटलेल्या लोकांसोबत काम करतो आहे. त्यांना स्वयंसेवी संस्थांत कामाला ठेवून मानधन देण्याचा मार्गही त्याने वापरला. म्हणजे सुटे भाग सगळे आहेत. तुरुंगात असताना बँक विश्वास ठेवते, खटल्याआधी सरकार जामिनाचे पैसे भरतं. मधला एक सांधा तेवढा नाही: दारातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले सहा महिने. खटला चालू असताना हेच सरकार म्हणतं, जामीनदार आण, नाहीतर आत बस. शिक्षा भोगून झाल्यावर तेच सरकार त्याच्या हातात पिशवी देतं आणि जामीनदार शोधायची जबाबदारी पुन्हा त्याच्यावर टाकतं. ज्याने हिशेब मांडला, त्यानेच हिशेब चुकता झाल्याची पावती द्यायला नको का? हमी-रोखा म्हणजे ती पावती.

मला ठाऊक आहे, तुमच्यापैकी कुणाच्या घरी चोरी झाली असेल, कुणावर हात उचलला गेला असेल. त्यांना हे बोलणं एकतर्फी वाटू शकतं. त्यांना सांगतो, हमी म्हणजे माफी नाही. पाळणाघरात कुणाला घ्यावं, औषधाच्या कपाटाची किल्ली कुणाकडे द्यावी, यासाठी वेगळे कडक नियम हवेत. इथली गार्डा, म्हणजे पोलिसांची, पडताळणी त्यासाठीच आहे. पण खोकी ठोकणाऱ्या सुताराला, भांडी घासणाऱ्याला, कोड लिहिणाऱ्याला तीच चाळणी लावली, तर सुटलेल्या माणसाकडे जुना धंदा तेवढा उरतो, आणि त्याची किंमत पुढच्या कुणाच्या तरी घरातून वसूल होते.

आपल्यापैकी अनेक जण आता नोकरी मागणारे राहिलेले नाहीत, देणारे झाले आहेत. तेव्हा दोनच गोष्टी सुचवतो. उमेदवाराच्या भूतकाळाचा प्रश्न पहिल्या चाळणीत विचारू नका. आधी त्याचं काम बघा, मग समोर बसवून विचारा. आणि ‘होय’ असं उत्तर आलं, तर त्या गुन्ह्याचा या कामाशी काय संबंध, हे एका कागदावर लिहून काढायची सवय लावून घ्या. बहुतेक वेळा लिहिता येत नाही. तेव्हा कळतं की आपण कारण शोधत नव्हतो, निमित्त शोधत होतो.

शेवटी पुन्हा चिंचवडला येतो. त्या दिवशी मालकाने विचारलं होतं, याला जामीन कोण. अमेरिकेत असतो तर मी रोख्याचा कागद पुढे केला असता. इथे, दीडशे वर्षांपूर्वी, ऑर्गन मास्तर दारात उभा असता. माझ्याकडे दोन्ही नव्हतं, पण तिसरं होतं. त्या कारखान्यात माझी सहा वर्षं झाली होती, माझा शब्द चालत होता. सहा महिने मी लक्ष ठेवतो, घ्या त्याला, एवढं मी म्हणू शकलो असतो. मालक बहुतेक हो म्हणाला असता. मी ते म्हटलं नाही, कारण मला माझी पत जपायची होती.

ती मी जपली. नोकरी सोडली तेव्हा ती अगदी जशीच्या तशी होती. तिचा उपयोग मात्र कुणालाच झाला नव्हता.